सहा एकर जमीन आणि 'अपात्र' बाप

कायद्यात जातीचं नाव नसेल तर तो कायदा जातीयवादी कसा, हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या काजिरो ओयामा या जपानी शेतकऱ्याच्या आयुष्यात सापडतं.

१९१३ साली कॅलिफोर्नियाने जमीन कायदा केला. त्यात 'जपानी' हा शब्दच नव्हता. 'नागरिकत्वास अपात्र परकीयां'ना शेतजमिनीची मालकी नाही, एवढंच लिहिलं होतं. अपात्र कोण? परदेशात जन्मलेल्याला नागरिकत्व द्यायचं तर तो गोरा हवा, असं अमेरिकेचा १७९० चा कायदा सांगत होता. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. जपानी माणूस दोन्हींत बसत नव्हता. वंशाचं नाव न घेता वंशाचा बंदोबस्त झाला!

त्याच १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला अमेरिकेत पोचले. इकडे पंजाबात १९०० चा जमीन हस्तांतरण कायदा होता. 'शेतकरी जमातीं'ची जमीन यादीबाहेरच्यांना विकत घेता येत नसे, आणि अस्पृश्य त्या यादीबाहेर होते. बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात या अन्यायावर बोट ठेवलं. शब्द वेगळे, पण युक्ती एकच.

ओयामाने १९३४ मध्ये सॅन दिएगोजवळच्या चुला व्हिस्टा इथे सहा एकर जमीन घेतली. चार हजार डॉलर त्याने मोजले, पण खरेदीखत झालं सहा वर्षांच्या मुलाच्या, फ्रेडच्या नावावर. फ्रेड अमेरिकेत जन्मला म्हणून नागरिक होता. बाप कोर्टाकडून त्याचा पालक नेमला गेला. १९३७ मध्ये लागूनच आणखी दोन एकर घेतली, तीही मुलाच्याच नावे.

१९४२ मध्ये युद्धाचं कारण देऊन सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हटवलं गेलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. ओयामा कुटुंबालाही घर सोडावं लागलं. १९४४ मध्ये, फ्रेड सोळा वर्षांचा असताना आणि त्याला घरी परतायची बंदी असतानाच, राज्याने ही जमीन सरकारजमा करण्यासाठी दावा लावला. कारण? पैसे बापाने दिले. गोऱ्या बापाने हेच केलं असतं तर ती मुलाला दिलेली भेट ठरली असती.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ओयामा हरले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र जानेवारी १९४८ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. बाप जपानी म्हणून मुलाला नागरिकाचे हक्क कमी मिळणं हा समान संरक्षणाचा भंग आहे, असं न्यायालय म्हणालं. आधार होता चौदाव्या घटनादुरुस्तीचा. ही दुरुस्ती गुलामगिरी संपल्यावर काळ्या माणसांच्या हक्कांसाठी झाली होती.

याआधी दोघांनी दुसरा रस्ता धरला होता. १९२२ मध्ये ताकाओ ओझावाने 'जपानीही गोरेच' असा दावा केला. १९२३ मध्ये पंजाबचे भगतसिंग थिंद यांनी आपण उच्चजातीय 'आर्य' आहोत, म्हणून गोरे आहोत, असं मांडलं. दोघेही हरले. थिंद निकालानंतर कॅलिफोर्नियातले भारतीय शेतकरीही जमीन कायद्याच्या कचाट्यात सापडले. श्रेणीबद्ध विषमतेत माणूस वरच्या पायरीवर जागा मागतो, पायरी मोडायला धजत नाही. थिंद यांच्या दाव्यात तेच दिसतं. ओयामांचा दावा समतेचा होता.

त्या निकालाने कायदा लगेच गेला नाही. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, त्याच वर्षी जपानी स्थलांतरितांना नागरिकत्वाचं दार उघडलं, आणि १९५६ मध्ये मतदारांनी तो कायदा रद्द केला.

गायरान जमिनीसाठी लढणाऱ्या आपल्या तरुणांनी यातून एक सवय लावून घ्यावी. कायदा किंवा शासन निर्णय हातात आला की आधी 'पात्र' आणि 'अपात्र' यांची व्याख्या वाचायची. जात तिथेच लपलेली असते.

जय भीम!