राजीची वाटचाल: पुण्याच्या स्टुडिओपासून कन्सोलच्या पडद्यापर्यंत

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेची स्थापना २०१७ साली झाली. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. कलेची बाजू श्रुती घोष यांच्याकडे, खेळाची रचना अविचल सिंग यांच्याकडे आणि तंत्राची जबाबदारी इयन मॉड यांच्याकडे अशी कामाची वाटणी झाली. भारतीय पुराणकथांच्या मातीतून उगवलेला आणि कन्सोलवर जगातल्या इतर गेमच्या शेजारी ताठ मानेने उभा राहणारा एक गेम घडवायचा, हा संस्थेचा पहिल्या दिवसापासूनचा संकल्प होता. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हे त्या संकल्पाचे फळ.

या संकल्पाचे मोल कळण्यासाठी त्या वेळची परिस्थिती पाहावी लागते. मुंबईत १९९९ साली इंडियागेम्स सुरू झाली. तेव्हापासून देशातला गेमचा धंदा वाढला तो मुख्यतः मोबाइलवर, आणि त्याच्या जोडीने परदेशी कंपन्यांच्या कंत्राटी कामावर. पुण्यात कुशल हातांची वाण नव्हती. युबिसॉफ्टने २००८ साली गेमलॉफ्टचा इथला स्टुडिओ आपल्याकडे घेतला होता आणि त्याच सुमारास डीएसके सुपिनफोकॉममध्ये गेम डिझाइनचे शिक्षणही सुरू झाले होते. मात्र हे हात बहुधा दुसऱ्यांच्या कथा रंगवत होते. स्वतःची कथा, स्वतःचे नाव आणि स्वतःचा धोका पत्करून कन्सोलकडे वळणारे विरळाच.

अगदी नव्हतेच असे मात्र नाही. सोनीच्या पुढाकाराने २००९ साली हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' केला. त्याच वर्षी गेमशास्त्रचा 'देसी अड्डा' आला आणि पुढच्या वर्षी मुंबईच्या ट्राइन गेम्सने 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आणला. हे गेम सोनीच्या यंत्रांपुरते आणि भारतीय ग्राहकांपुरते होते. ते सफाईत कमी पडले तरी वाट त्यांनीच पाडली, ही नोंद आवश्यक आहे. तेव्हाच्या ग्राहकाची स्थिती सांगायची तर ठाणे, कल्याण, डोंबिवलीचा मुलगा दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचा आणि लॅमिंग्टन रोडवरून पायरेटेड सीडी घेऊन परतायचा. मूळ डिस्कची किंमत मध्यमवर्गीय घराला झेपणारी नव्हती. अशा बाजारावर विसंबून कोणताही छोटा स्टुडिओ काही वर्षांचे काम अंगावर घेऊ शकत नव्हता. राजीला बाहेरच्या जगाकडे पाहणे भागच होते.

गेमची कथा साधी आहे. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुर तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेतात. त्याच्या शोधात निघालेल्या राजीला दुर्गेचा त्रिशूळ मिळतो, विष्णूचे शार्ङ्ग धनुष्य मिळते आणि तिचा प्रवास महाबलासुरापर्यंत पोहोचतो. कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू, आपसांत बोलत, कधी एकमेकांचे म्हणणे खोडून काढत. वाड्यांना आणि किल्ल्यांना राजस्थानी स्थापत्याचा आधार आहे, रंगसंगतीत पहाडी चित्रशैली आहे, कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या दृश्यांतून जुळतात आणि कल्पनेत बालीच्या पुराणपरंपरेचाही अंश आहे. संगीत ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांचे. अनरियल इंजिनवर मोजक्या माणसांनी उभे केलेले हे जग पाहिले म्हणजे हाताने रंगवलेल्या प्रत्येक भिंतीमागचे कष्ट जाणवतात. राजीचे खरे बळ या कलाकामात आहे.

पहिला मोठा धक्का स्थापनेच्याच वर्षी बसला. २०१७ च्या अखेरीस संस्थेने किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन केले. लोकांना खेळून पाहता यावा म्हणून गेमचा नमुनाही खुला केला. नमुन्याचे कौतुक झाले, पण उद्दिष्टाइतकी रक्कम जमली नाही. किकस्टार्टरचा नियम असा की उद्दिष्ट गाठले नाही तर जमलेला एकही पैसा हाती येत नाही. महिनोन्महिन्यांच्या तयारीनंतर संस्था रिकाम्या हाताने उभी राहिली. संस्थापकांनी स्वतःची पुंजी ओतून काम चालू ठेवले. अशा वेळी बहुतेक छोटे स्टुडिओ मोबाइलच्या कंत्राटी कामाकडे वळतात आणि मूळ स्वप्न कपाटात जाते. इथे तसे झाले नाही.

पुढच्या टप्प्यात दोन दारे उघडली. एपिक गेम्सच्या अनरियल डेव्ह ग्रँट योजनेतून मदत मिळाली आणि सुपर डॉट कॉम हा प्रकाशक पाठीशी उभा राहिला. गेमच्या धंद्यात प्रकाशकाचे काम पुस्तकाच्या प्रकाशकापेक्षा बरेच व्यापक असते. आगाऊ रक्कम, चाचण्या, भाषांतरे, प्रसिद्धी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कन्सोल कंपन्यांशी बोलणी ही त्याची जबाबदारी. त्या बोलण्यांतूनच राजीचे नशीब ठरले.

कन्सोलच्या बाजाराची रीत इथे समजून घ्यायला हवी. गेम एकाच कंपनीच्या यंत्राशी बांधून घेण्याची प्रथा जुनी आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत निन्टेंडोचा परवाना घेणाऱ्याला तोच गेम दोन वर्षे प्रतिस्पर्धी यंत्रावर आणता येत नसे, आणि वर्षाला पाचच गेम काढण्याची मर्यादा होती. आजचा प्रकार सौम्य आहे. त्याला टाइम्ड एक्स्क्लुसिव्ह म्हणतात, म्हणजे ठरावीक काळ गेम एकाच कन्सोलवर, नंतर सर्वत्र. 'राइज ऑफ द टूम रेडर' नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर आला आणि प्लेस्टेशनवाल्यांना ऑक्टोबर २०१६ पर्यंत थांबावे लागले. बड्या कंपन्यांच्या सौद्यांत अशा अटींमागे मोठ्या रकमा असतात. छोट्या स्टुडिओला रकमेहून मोठा लाभ मिळतो तो जागेचा. डिजिटल दुकानात रोज नवे गेम येतात आणि विक्रीतला ३० टक्के वाटा दुकान घेते, मग तिथे तुमचा गेम कुणाच्या नजरेस पडो वा न पडो. कन्सोल कंपनीने स्वतःच्या कार्यक्रमात नाव घेतले की तो दिसतो. शिवाय प्रत्येक यंत्राचे सर्टिफिकेशन वेगळे, त्रुटी वेगळ्या. मोजक्या माणसांनी आधी एकच यंत्र नीट सांभाळावे, यात शहाणपण आहे.

२०२० सालच्या टाळेबंदीत शेवटच्या टप्प्याचे काम पार पडले. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेंडोच्या इंडी वर्ल्ड कार्यक्रमात राजीची झलक दाखवली गेली आणि गेम त्याच दिवशी, टाइम्ड एक्स्क्लुसिव्ह म्हणून, निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर उपलब्ध झाल्याची घोषणा झाली. 'हेडीज' आणि 'स्पिरिटफेअरर' यांसारख्या, पुढे जगभर गाजलेल्या गेमच्या पंगतीत पुण्याच्या स्टुडिओचे नाव घेतले गेले. लोकवर्गणीत नापास झालेल्या गेमचा हा दिवस होता.

या यशाची एक किंमतही होती आणि ती भारतीय गेमरने मोजली. निन्टेंडोने स्विच हे यंत्र तेव्हा भारतात अधिकृतपणे विकायलाच आणले नव्हते. ज्यांच्याकडे होते त्यांनी ते परदेशातून मागवलेले किंवा आयात माल विकणाऱ्या दुकानातून जास्त पैसे मोजून घेतलेले. म्हणजे आपल्या देवदेवतांचा, आपल्या किल्ल्यांचा गेम आधी टोकियोत आणि न्यूयॉर्कमध्ये खेळला गेला आणि पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत बहुतेकांनी फक्त त्याची चित्रफीत पाहिली. गेम इतर यंत्रांवर येईपर्यंतच्या दोन महिन्यांची हुरहुर खरी होती. तरीही आधी स्विचवर येण्याचा निर्णय योग्यच होता. तेव्हाची भारतीय कन्सोल बाजारपेठ एकट्याने राजीला तारू शकत नव्हती, आणि जगाने आधी दखल घेतली म्हणूनच घरच्यांनीही मान वळवून पाहिले.

१५ ऑक्टोबर २०२० रोजी राजी प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर आली. समीक्षकांनी चित्रशैलीचे आणि वातावरणाचे मनापासून कौतुक केले. लढाईची हाताळणी, काही तांत्रिक त्रुटी, कमी लांबी आणि अचानक येणारा शेवट यांवर बोटही ठेवले. पहिल्याच प्रयत्नात अशी टीका व्हावी यात कमीपणा नाही. वर्षअखेरीस द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी राजीला नामांकन मिळाले. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला, परंतु जगभरातून निवडलेल्या पाच नावांमध्ये पुण्याचे नाव होते.

पुढच्या काळात संस्थेने टीका कानाआड केली नाही. सुधारित आवृत्तीत खेळाची घडी नीट बसवली आणि हिंदी आवाजही दिले. दुर्गा आणि विष्णू यांचे संवाद भारतीय भाषेत ऐकू येणे ही मूळ कल्पनेची पूर्तता म्हणावी लागेल. मराठी आवाजांचीही वाट पाहणारे पुष्कळ आहेत. नेटफ्लिक्सच्या सदस्यांसाठी राजी मोबाइलवरही पोहोचली. राजी स्विचवर आल्यानंतर महिन्याभरातच, सप्टेंबर २०२० मध्ये, युबिसॉफ्टने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा नवा अवतार पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिल्याचे जाहीर केले होते. राजीच्या उड्यांची आणि भिंतींवरच्या धावण्याची तुलना ज्या मालिकेशी होत होती, तीच ही मालिका. २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलला हलवले गेले. परक्या नावावर चाललेले काम परक्याच्या निर्णयाने जाऊ शकते. राजी मात्र नॉडिंग हेड्सची स्वतःची आहे.

कन्सोल कंपन्यांनाही आता भारतात येऊन गेम शोधावेसे वाटू लागले. सोनीने २०२३ साली इंडिया हीरो प्रोजेक्ट सुरू करून भारतीय स्टुडिओंना पाठबळ देण्याचे ठरवले आणि त्याच्या पहिल्या निवडीत मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा, मानवी तस्करीच्या प्रश्नावरचा 'मुक्ती' हा गेम होता. याचे सारे श्रेय एका संस्थेला देणे योग्य होणार नाही. हनुमानपासूनचे सगळे प्रयत्न त्यात आले, तसेच चित्रकार, प्रोग्रामर, चाचणी करणारे आणि किकस्टार्टरवर पैसे देऊ केलेले अनाम समर्थकही आले. पण भारतीय कथेला कन्सोलच्या जागतिक बाजारात मागणी आहे, याचा पुरावा बोलण्यांच्या टेबलावर ठेवला तो राजीने.

नॉडिंग हेड्सने 'राजी: कलियुग' हा पुढचा गेम जाहीर केला आहे. तो येईपर्यंत ज्यांनी पहिली राजी अजून खेळलेली नाही, त्यांनी ती रीतसर विकत घेऊन खेळावी. मूळ प्रत विकत घेणारे घरचे ग्राहक पुरेसे झाले, तर पुढच्या वेळी असा गेम आधी इथे येईल.