मांडीच्या हाडाचं माप

गरोदरपणातल्या सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट घरात असला तर काढून बघा. त्यात 'एफएल' लिहून पुढे आकडा असतो. ते बाळाच्या मांडीच्या हाडाचं माप. नऊ महिने भरत आले की ते सात-साडेसात सेंटिमीटरपर्यंत जातं. बाळ किती आठवड्यांचं आहे हे ठरवताना ते धरतात.

मातीत गेलेल्या बाळाचं वयही याच हाडावरून काढतात. आपली गंगा गंगाखेडला पोचण्याआधी, वर नेवाशाच्या बाजूला तिला प्रवरा मिळते. त्या नेवाशाला 1954 ते 1956 मध्ये डॉ. सांकलिया आणि सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली मातीचे घडे निघाले, दोन-दोन, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. आत तान्ही लेकरं. पुढे शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावलाही हेच दिसलं. लेकरू गावाबाहेर नेलं नाही, राहत्या घरातच ठेवलं. कुणाच्या सांगण्यावरून, ते हाडं सांगत नाहीत. पण ते दिवस भरण्याआधीच गेलं, जन्मताच गेलं, की काही महिने अंगावर पिऊन गेलं, एवढं लांबीवरून कळतं. बाळाच्या हाडाची टोकं कूर्चेची असतात, ती मातीत विरून जातात. उरतो मधला दांडा, तोच मोजायचा. सोनोग्राफीतही तोच मोजतात.

इनामगावला मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्यापासून तोडलेले आढळले. मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. अशा सांगाड्याची उंची टाचेपासून कशी मोजणार? तिथेही मांडीचं हाडच कामाला येतं. ते फळीवर आडवं ठेवायचं, एक टोक पक्क्या आडोशाला टेकवायचं, दुसऱ्या टोकाला सरकता आडोसा आणायचा आणि आकडा वाचायचा.

त्या आकड्यावरून उंची काढण्याचं सूत्र कार्ल पिअर्सन या इंग्रज गणितज्ञानं 1899 मध्ये मांडलं. हाड 40 सेंटिमीटरचं असेल तर त्याच्या हिशेबानं पुरुष साडेछप्पन्नावर शंभर, म्हणजे 156.5 सेंटिमीटर, आणि बाई 150.6. म्हणून आधी कमरेची हाडं बघून बाई की पुरुष ते ठरवावं लागतं. तिथे चूक झाली की उंची दोन इंचांहून जास्त चुकते. शेतात, विहिरीत अनोळखी सांगाडा सापडतो तेव्हा हे दोन इंच फार महाग पडतात, कारण हरवलेल्या बाईच्या वर्णनाशी तो जुळतच नाही.

आणखी एक अडचण आहे. पिअर्सनचा हिशेब फ्रान्समधल्या 50 पुरुष आणि 50 बायकांच्या मापांवर उभा होता. आपल्या हाडापेरांचं प्रमाण तेच असेल असं धरून कसं चालेल? 1924 मध्ये पान नावाच्या संशोधकानं इथल्या लोकांची मापं छापली, आणि त्यानंतर वेगवेगळ्या प्रांतांसाठी वेगळी सूत्रं निघत गेली. तरीही नेमका आकडा कुणी देत नाही. इथपासून इथपर्यंत, असंच सांगतात, आणि ते मला प्रामाणिक वाटतं.

पण जुळवायला दुसरा आकडाही हवा ना! हरवल्याची तक्रार लिहिताना पोलीस उंची विचारतात. पुष्कळ घरांत बाईची उंची "माझ्या खांद्याला लागते" एवढीच ठाऊक असते. शिवणकामाचा टेप तर घरोघर असतो. चौकटीला टाच टेकवून उभं राहायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरून खूण करायची, आणि आकडा रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायचा.