‘कॅन्व्हास’, कौल आणि मतदार

उकव्यासारख्या मँगनीजच्या खाणींच्या गावी मराठी, हिंदी आणि गोंडी या भाषा शेजारी नांदतात. निवडणूक आली की शिकलेल्यांच्या तोंडी त्यांत ‘कॅन्व्हासिंग’ या इंग्रजी शब्दाचीही भर पडते. मते मागत फिरणे, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. त्याचा इतिहास मात्र अधिक बोलका आहे.

‘कॅन्व्हास’ म्हणजे मुळात भांगेच्या वाखाचे जाडेभरडे कापड. सोळाव्या शतकातील इंग्रजीत त्याचे क्रियापद झाले. माणसाला चादरीत घालून उडविणे, झोडपणे, एखादा विषय कसून तपासणे आणि मते मागणे, असे अर्थ त्यास येऊन चिकटले. अमेरिकेत तर झालेल्या मतदानाच्या अधिकृत छाननीलाही हाच शब्द लावतात. याचना आणि परीक्षा या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र नांदतात.

आपल्या ‘प्रचारा’त पसरविणे आहे, ‘मतयाचने’त विनवणी आहे, ‘मतांच्या जोगव्या’त थोडा उपहासही आहे, परीक्षा मात्र यांपैकी एकातही नाही. ती उणीव ‘कौल’ हा शब्द भरून काढतो. हा शब्द मूळचा अरबी. मराठेशाहीत उजाड गावे पुन्हा वसविण्यासाठी सरकार रयतेला अभयाचा व सवलतीचा कौल देई. देवळात भक्ताने कौल लावावा आणि देवाने तो द्यावा, ही रीत तर आजही आहे. दोन्हीकडे देणारा वरचा आणि घेणारा खालचा.

१९१९ च्या कायद्यानंतर मध्यप्रांताच्या विधिमंडळासाठी निवडणुका होऊ लागल्या, तेव्हा मताचा हक्क मालमत्ता वा करभरणा असलेल्या थोड्यांनाच होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीपुरुषांना तो मिळाला. खाणीत राबणारा मजूर व त्याचा साहेब यांच्या मतांचे मोल एक झाले. कौलाची दिशा तेव्हा उलटली. पूर्वी सरकार रयतेला कौल देई, आता रयत सरकारला देते.

१९५१ च्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३० नुसार मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत मत मागणे हा गुन्हा आहे. तेथे याचना थांबते आणि परीक्षा उरते. आपल्या घरातील बायका धान्य सुपात पाखडतात, तसे ऐकलेले सारे पाखडूनच कौल द्यावयाचा असतो. आम्हां शिक्षकांनी मुलांना शब्दाचा अर्थ सांगताना हे पाखडणेही शिकवावे.