यमू बोलू लागली तेव्हा

हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) वाचावी, तर सज्जन तो सज्जनच आणि दुष्ट तो दुष्टच. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो?' सुरू केली आणि लेखणी जणू यमूच्याच हाती दिली. आपली कथा तीच सांगते. तिचे भिणे, मनातल्या मनात रागावणे, नवऱ्यापाशी लिहावाचायला शिकताना हरखणे आपल्याला आतून कळते. म्हणूनच विधवा झालेल्या यमूचे केशवपन बळजबरीने होते, तेव्हा 'रूढीच ती!' म्हणून पान उलटवत नाही. मला वाटते, नुसती गुणदोषांची बेरीज करून पात्र उभे राहत नाही. लेखकाने त्याला बोलू द्यावे आणि आपण ऐकत बसावे. हरिभाऊ पुरुष असून ऐकत बसले, हीच त्यांची थोरवी!