‘खाल्लीस’मधला ‘स’ कुणाचा?

सेट-नेटची तयारी करताना ‘संकर प्रयोग’ तुम्ही पाठ केलाच असेल. ‘तू पोळी खाल्लीस’ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ‘खाल्ली’ हे पोळीप्रमाणे, म्हणून कर्मणी. शेवटचा ‘स’ तुझ्यामुळे, म्हणून कर्तरी. दोन्ही एकत्र आले म्हणून संकर. दोन मार्क पक्के. पण संशोधनाला बसायचं असेल तर इथे थांबून चालणार नाही. हा ‘स’ कर्मणी वाक्यात शिरला कसा, हे त्या नावातून कळत नाही.

आधी थोडं बाहेर बघू. अर्जेंटिनातल्या स्पॅनिशमध्ये ‘मी हुआनला पाहिलं’ हे ‘लो वी आ हुआन’ असं म्हणतात. ‘लो’ म्हणजे त्याला, आणि पुढे परत ‘हुआनला’. एकाच माणसाचा उल्लेख दोनदा, एकदा क्रियापदाला टेकलेल्या छोट्या सर्वनामाने आणि एकदा पूर्ण नावाने. अशा परावलंबी रूपाला क्लिटिक म्हणतात आणि या प्रकाराला क्लिटिक डबलिंग. ग्रीक, रुमानियन, मॅसिडोनियन या भाषांतही ते आहे. आपल्या वाक्यात ‘तू’ आहे, आणि क्रियापदावर परत ‘स’ आहे. मग आपलंही तेच का?

इतिहासातून गेलं तर प्रश्न नीट दिसतो. संस्कृतात ‘त्वं गतः असि’ आणि ‘सः गतः’. तृतीय पुरुषात ‘अस्ति’ गाळलेलं चालतं, द्वितीय पुरुषात ‘असि’ येतं. ‘तू आलास’ आणि ‘तो आला’ यांच्यातला फरक हुबेहूब असाच आहे. पण कर्मणी वाक्य बघा: ‘त्वया कृतम्’. इथे ‘असि’ला जागाच नाही, कारण कर्ता तृतीयेत. जुन्या मराठीतही कर्त्याचं वेगळं रूप होतं: मियां, तुवां, पुढे म्यां, त्वां. नंतर ही रूपं मागे पडली. आज ‘तू आलास’मधला तू आणि ‘तू खाल्लीस’मधला तू दिसायला एकच. म्हणजे ‘तू’ दिसला की ‘स’ लावायचा अशी सवय अकर्मक क्रियापदावरून सकर्मकावर गेली, असं म्हणता येतं.

पटकन पटणारं आहे, म्हणून जरा संशय घ्या. ‘म्यां’सुद्धा गेलं आणि ‘मी’ राहिलं. मग ‘मी पोळी खाल्ली’ला प्रथम पुरुषाची खूण का नाही?

माझं उत्तर असं: ‘आलास, आलीस, आलंस’ यात लिंगाचा प्रत्यय जागेवर राहतो आणि ‘स’ त्याच्या मागे लागतो. तो सुटा काढता येतो. ‘मी आलो’मध्ये मात्र ‘ओ’ लिंगाच्या जागीच बसलाय. तो उचलून सकर्मकावर लावला तर पोळीचा ‘ई’ पुसला जाणार. आणि तसं घडलेलंही आहे! लातूर, सोलापूरकडे ‘मी काम केलो’ ऐकलं असेल. तिथे प्रथम पुरुष आला, पण कर्माशी अन्वय गेला. ‘स’ला अशी किंमत मोजावी लागली नाही.

हे तपासायचं कुठे? आपल्या शहरापासून पैठण साधारण पन्नास किलोमीटर. चक्रधरांचा तिथला वावर लीळाचरित्रात आहे. म्हाइंभटांचा हा तेराव्या शतकातला गद्य ग्रंथ, त्यात संवाद भरपूर, म्हणजे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ भरपूर. वि. भि. कोलते यांची 1978 ची आवृत्ती ग्रंथालयात मिळते. पण जपून. मूळ प्रत हरवली आणि ग्रंथ पुन्हा जुळवला गेला अशी परंपरा सांगते, आणि हाती आहेत त्या नंतरच्या नकला. नक्कल करणारा आपल्या काळचा ‘स’ सहज लावून जातो. त्यामुळे एका रूपावरून ‘तेराव्या शतकात होतं’ असं लिहू नका. तुवां आणि तू यांच्यासोबतची सगळी सकर्मक भूतकाळी रूपं मोजा, पाठभेदांसकट.

आता क्लिटिक की साधा अन्वय? ओमर प्रेमिंगर यांनी 2009 मध्ये एक कसोटी मांडली. अन्वय फसला तर ठरलेलं उदासीन रूप येतं. क्लिटिक फसलं तर ते सरळ गायब होतं. ‘तू मुलीला पाहिलंस’ घ्या. ‘ला’ लागल्याने मुलीशी अन्वय तुटला, आणि नपुंसकलिंगी ‘लं’ आला. म्हणजे तो अन्वय. ‘तुला पोळी आवडली’मध्ये ‘तुला’ आल्यावर ‘स’च्या जागी काहीच नाही. म्हणजे क्लिटिक? एकाच क्रियापदात दोन्ही नमुने, मला तरी हे फार आवडतं. पण गाइडने विचारलं की ‘स’चं उदासीन रूप शून्यच असेल तर, तर कसोटी लंगडी पडते. शिवाय स्पॅनिशमध्ये ‘आ’सारखी खूण लागलेलं नाम दुहेरी होतं, आपल्याकडे ‘ला’ लागला की ‘स’ जातो. अगदी उलट.

ग्रिअर्सनने भूतकाळी क्रियापदाला चिकटलेल्या अशा सर्वनामी खुणा ‘बाह्य’ आर्य भाषांचं लक्षण मानल्या, आणि मराठी, बंगालीला त्या गटात बसवलं. सुनीतिकुमार चटर्जींनी 1926 मध्ये ही विभागणीच नाकारली. गटवारी गेली तरी निरीक्षण उरतं. काश्मिरीत क्रियापदाला सर्वनामी प्रत्यय लागतात, आणि काशी वाली व ओंकार कौल यांच्या 1997 च्या व्याकरणानुसार द्वितीय पुरुषाचे प्रत्यय तिथे अनिवार्य आहेत. परत ‘तू’च!

आणि आपण? आपल्याकडे घरात ‘तू जेवला का’, ‘काय केलं तू’ सर्रास चालतं, ‘स’ नाहीच. वर्गात त्याला अशुद्ध म्हणतात. तुमच्यासाठी तो डेटा आहे. पुढचा आठवडाभर एक वही ठेवा: कोण बोललं, वय काय, गाव कुठलं, वाक्यात ‘तू’ होता की गाळला होता, ‘स’ आला की नाही. ‘तू’ गाळल्यावर ‘स’ जास्त टिकतो का, हे आधी बघा. तसं निघालं तर ‘स’ सर्वनामाचं काम करतोय म्हणायला निदान एक आधार मिळेल.