मणक्यातली गादी आणि चिनी काढा

मागे आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. रक्कम ५ हजार, कारण ‘कंबरेची चिनी जडीबुटी’. बाईच्या मणक्यातली गादी सरकलेली. एका फिरत्या विक्रेत्याने पुड्या दाखवल्या, म्हणाला, बिगर ऑपरेशन, हमखास. आम्हाला अर्ज चटकन फेटाळता येईना. नारायणगडाच्या आसपासच्या गावांतून दसरा-दिवाळीला कोयते निघतात, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईची कंबर न दुखून कसे चालेल? म्हणून ठरवले, आधी या औषधाचा मागचा इतिहास बघू.

दुखणे जुने आहे. चरकसंहितेत त्याला गृध्रसी म्हटले आहे. कुल्ल्यातून निघालेली कळ मांडी, गुडघा, पोटरी करत पावलापर्यंत उतरते. गृध्र म्हणजे गिधाड. माणूस गिधाडासारखा लंगडत चालतो, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आपल्या आज्या निर्गुंडीच्या पाल्याने शेकत, एरंडाचे पान गरम करून बांधत.

चीन म्हटले की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १९३८ साली तिकडे गेले, ते मात्र जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला. काढ्यांची चिनी परंपरा त्यांच्या कितीतरी आधीची. सातव्या शतकात सुन सिमियाव नावाच्या वैद्याने कंबर-गुडघ्याच्या दुखण्यासाठी १५ औषधांचा एक काढा लिहून ठेवला. तो आजही तिकडे देतात. त्यात ज्येष्ठमध आहे, दालचिनीच्या जातीची साल आहे, आणि आपल्या बांधावरच्या आघाड्याचा एक भाऊबंदही आहे. हे वाचून आम्ही हसलो. घरचा आघाडा उपटून टाकायचा आणि परक्याचा विकत घ्यायचा!

पण गादी सरकते हे या जुन्या वैद्यांना कुठे ठाऊक होते? १९३४ साली अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी लिहिले, की दोन मणक्यांमधली गादी फाटून शिरेवर दाबते म्हणून पायात कळ येते. तेव्हापासून ऑपरेशनची वाट रुळली. पुढे फोटो काढायची यंत्रे आली आणि वेगळेच दिसले: बाहेर आलेला गादीचा तुकडा पुष्कळदा शरीर आपणच जिरवते. बहुतेकांचे दुखणे दीड ते तीन महिन्यांत उतरते. मग त्या काळात काढा घेतलेल्याला वाटते काढ्याने गुण आला, शेकलेल्याला वाटते शेकण्याने.

काढा निदान निरुपद्रवी तरी असेल? तसेही नाही. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन घटवायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरी पडली आणि शंभराहून अधिक बायांची मूत्रपिंडे निकामी झाली. आपल्या त्या १५ औषधांतल्या एका वनस्पतीतही तेच विषारी द्रव्य सापडते. उघड्या पुडीत तर काय कुटले आहे, कोण सांगणार? जडीबुटीच्या नावाखाली स्टेरॉइड मिसळलेली चूर्णे आपल्याकडे पकडली गेली आहेत. त्यांनी दोन दिवसांत बरे वाटते, तेच वाईट.

चाकूचाही इतिहास आपल्याला सांगायला नको. कंबर दुखते, अंगावरून जाते म्हणून गेलेल्या किती जणींची पिशवीच काढली! २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा ऑपरेशनला भिणाऱ्या बाईला अडाणी म्हणायची आमची हिंमत नाही. तरी गादीच्या दुखण्यात काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नका: लघवी अडकली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला नि बैठकीच्या जागी बधिर झाले, पाऊल उचलेना. तिथे काढाही नको नि शेकही नको, थेट मोठा दवाखाना.

अर्ज केलेल्या बाईला यातली एकही खूण नव्हती. तिच्या डॉक्टरांना पुन्हा विचारले, तर तेही म्हणाले, दोन-तीन महिने थांबून बघू; ओझे बंद, अंथरुणाला खिळून राहायचे नाही, थोडे चालायचे, सांगितलेले व्यायाम करायचे. ती म्हणाली, ‘ओझं बंद तर खाडा कोण भरणार? मुकादम दिवसाचे ५०० कापतो.’ पुडी तिला हवी होती ती यासाठी.

बैठकीत दोन तास वाद झाला. शेवटी कर्ज मंजूर केले. वहीत कारणाच्या रकान्यात जडीबुटी खोडून ‘खाडा’ असे लिहिले, आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्या.