भुकेच्या लगामाचा इतिहास



चिंचवडच्या एका प्राथमिक शाळेंत मीं पुष्कळ वर्षें शिकविलें. माझ्या वर्गांत एका कामगाराचा स्थूल मुलगा होता. धांवण्यांत तो मागें पडला, कीं ‘डब्यांत दोन पोळ्या कमी आण,’ असें मी सर्वांदेखत त्यास म्हणें. मुलें हंसत, तोहि हंसे. ज्या जनुकाचा इतिहास आज मी सांगणार आहें, तो वाचतांना तें हंसणें मला आठवलें.

या इतिहासाचा आरंभ मेंढीपासून होतो. 1981 सालीं अमेरिकेंतील संशोधकांना मेंढीच्या मेंदूंतील हायपोथॅलॅमस या भागांत प्रथिनाचा एक लहानसा तुकडा आढळला. त्याचें काम काय, हें कोणालाहि ठाऊक नव्हतें, व तो विषय तेथेंच पडून राहिला. पुढें 1995 सालीं डग्लस व त्यांचे सहकारी उंदरांना कोकेन आणि अ‍ॅम्फेटामिन हीं द्रव्यें देऊन मेंदूंत कोणत्या जनुकाचा संदेश वाढतो, हें पाहत होते. जो संदेश वाढला, तो मेंढीच्या त्या तुकड्याचाच निघाला. तेव्हां त्याला ‘कार्ट’ हें नांव पडलें. अर्थ इतकाच, कीं कोकेन व अ‍ॅम्फेटामिन यांनीं नियंत्रित होणारा संदेश. बारशाच्या वेळीं दारांत जो पाहुणा उभा होता त्याचेंच नांव बाळाला ठेवावें, तसा हा प्रकार! मनुष्याच्या पांचव्या गुणसूत्रावर याचें जनुक आहे, असें 1996 सालीं प्रसिद्ध झालें.

त्याचें खरें काम उघडकीस आलें तें 1998 सालीं. डेन्मार्कमधील क्रिस्टेन्सेन प्रभृतींनीं हा पदार्थ उंदरांच्या मेंदूंत सोडला, तेव्हां त्यांचें खाणें घटलें. उलट प्रतिद्रव्यानें त्याचा प्रभाव रोखला, तेव्हां तें वाढलें. शरीरांतील चरबी लेप्टिन नांवाचें संप्रेरक रक्तांत सोडते. त्याचा निरोप मेंदूस पोंचला, कीं कार्ट वाढतें आणि ‘आतां पुरे’ असें वाटण्यास मदत होते.

पण मला अधिक विचार करावयास लावलें तें इटलींतील एका कुटुंबानें. 2001 सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत एका स्थूल मुलाच्या कार्टमध्यें चौतिसाव्या ठिकाणीं ल्यूसिनऐवजीं फेनिलअ‍ॅलॅनिन आढळलें. एवढीच चूक! कुटुंबांत जेथें ही चूक, तेथें स्थूलताहि. आणि स्वस्थ बसलेल्या स्थितींतील ऊर्जेचा व्ययच या चुकीमुळें कमी असल्याचें दिसलें. वात बारीक असली म्हणजे समईंत तेल उरतें, तसें. पोळ्या मोजणाऱ्या मास्तराला हा हिशेब कधीं सुचला नव्हता.

अशीं कुटुंबें अर्थात् विरळा. बहुतेकांची स्थूलता अनेक जनुकें, आहार, झोंप व श्रम यांच्या मेळानें घडते. चाकणला रात्रपाळी करून पहाटे वडापाव खाणाऱ्यास एकट्या कार्टकडे बोट दाखवितां येणार नाहीं.

या शोधाचा एक धागा आपल्या शेजारींच आहे. पुण्यांत पाषाण येथील ‘आयसर’ संस्थेंत निशिकांत सुभेदार, औरनब घोष व त्यांचे सहकारी यांनीं झेब्राफिश या बोटभर माशाच्या मेंदूंत कार्टचा अभ्यास केला. मनुष्याला हें जनुक एक, माशाला चार. मेंदूंतील त्यांच्या जागा निरनिराळ्या, आणि शरीरांतील ऊर्जेच्या स्थितीप्रमाणें त्यांचें काम कमीअधिक होतें, असें त्यांच्या 2014 सालच्या निबंधांत आहे. भुकेला आवरण्याची ही व्यवस्था माशांइतकी जुनी आहे तर!

माझा तो विद्यार्थी आतां चाकणच्या एका कारखान्यांत पर्यवेक्षक आहे. मध्यंतरीं बसथांब्यावर भेटला, वांकून नमस्कार केला. ‘सर, अजून तसाच आहें,’ असें म्हणून हंसला. मीं त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. बस आली, आणि जें सांगावयाचें होतें तें राहून गेलें.